डाव्या अंगाची खिडकी

माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं भांडण कधी झालेलं न्हाय, हे आधीच सांगून ठेवतो. भांडायला दोघी लागत्यात. अनुजा भांडतच न्हाय. ती नुसती हसती आणि सगळं आपसूक तिच्या पदरात येऊन पडतंय. आणि मी ‘सांगतो’ म्हणतोय म्हणून मला बाप्या समजू नका. आमच्याकडं बायकाबी करतो, जातो असंच बोलत्यात, त्यावर पुण्याच्या पावण्यांनी हसू नये. मी थोरली. मला सगळी आक्का म्हणत्यात.

आमच्या बाला पोरगा न्हवता. बा लवकर गेला आणि भाऊबंदांनी रानावर डोळा ठेवला. बाईमाणूस काय करणार, दोन लेकी उजवून देईल आणि रान आपल्याच हातात येईल, असा त्यांचा हिशेब. आमची आई झुंबरबाई नेर्लीच्या शिवारात कोयता घेऊन बांधावर बसली, पण एक काकरी इकडची तिकडं होऊ दिली न्हाय. ऊस तिनंच लावला, पाणी तिनंच पाजलं. आणि आपल्या माघारी लेकींत तंटा नको म्हणून तिनं घरात एक नेम केला, थोरलीचं आधी. दिवाळीचं कापड आधी थोरलीला, झाडाचा पहिला आंबा थोरलीला, लगीन थोरलीचं. लेकींकडनं काय घ्यायचं झालं तरी पहिलं थोरलीचं घ्यायचं आणि मग धाकटीचं.

नेम चांगला हाय, मी नाव ठेवत न्हाय. पण पहिलं मला मिळायचं आणि चांगलं तिला मिळायचं, ही गोष्ट आईच्या कधी ध्यानात आली न्हाय. मला पहिली साडी घेतली ती सुती, कारण ऊस अजून उभा हुता. अनुजाची पाळी येईपतूर ऊस कारखान्याला गेला, मग तिला काठपदराची. माझं लगीन आधी झालं, मला शाहूपुरीतलं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. तिचं मागनं झालं, तिला कागलातला बंगला, दारात जीप आणि कारखान्यांची कंत्राटं घेणारा नवरा. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. आमचे मालक जोतीराम स्वभावानं सोनं हायत, पण सोनं म्हणून गळ्यात घालून मिरवता येत न्हाय.

तर दोन हजार साल उलटून चार-पाच वरसं झालती तवा उजळाईवाडीच्या विमानतळावरनं पंचगंगा एअर नावाच्या कंपनीचं विमान सुरू झालं. पंख्याचं बारकं विमान. आठवड्यातनं तीन दिवस सकाळी मुंबईला जायचं आणि संध्याकाळी माघारी यायचं. आईचं रान विमानतळाच्या पलीकडंच, त्यामुळं ते तिच्या डोक्यावरनंच उडायचं. तणाची भांगलण सोडून आई कपाळावर हात धरून बघत ऱ्हायची. एकदा आम्ही दोघी तिथं असताना विमान गेलं, आणि आई बोलली.

“ज्या रानासाठी जन्म घातला ते अख्खं रान मी एकदाबी बघितलेलं न्हाय. बांधावर उभी ऱ्हायली की एक कोपरा दिसतोय. मरायच्या आधी एकदा वरनं सगळं बघायचंय मला.”

आमच्या आईनं जन्मात कुणाकडं काय मागितलेलं न्हाय. हे पहिलंच. मी मनात म्हणलं, हिला विमानात मीच बसवणार. बसवणार तर मीच, दुसरं कुणी न्हाय. अनुजाकडं बघितलं तर ती हसत हुती, म्हंजे तिनंबी तेच ठरवलं हुतं.

त्या कंपनीनं सोबती कार्ड म्हणून एक योजना काढलती. एका वरसाच्या आत डझनभर फेऱ्या त्यांच्याच विमानानं मारल्या की चंदेरी कार्ड मिळायचं. कार्ड असलं की पुढची, आपल्याला हवी ती खिडकीची जागा, बसायला गाद्यांच्या खुर्च्यांची वेगळी खोली, आणि वरसातनं एकदा घरच्या एका माणसाला संगं फुकट नेता यायचं. अनुजाच्या नवऱ्याला, संग्रामला, मंत्रालयातल्या कामांसाठी सारखं मुंबईला जावं लागायचं. त्याच्या फेऱ्या बघता बघता भरल्या.

नागपंचमीला दोघी माहेरी आलतो. अनुजानं पर्समधनं रुमाल काढला, रुमालातनं कार्ड काढलं. आईनं हात धुतलं, कार्ड नेऊन देव्हाऱ्यात जोतिबाच्या टाकाशेजारी ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. अनुजा म्हणाली, आई, ह्या दसऱ्याला तुला विमानात बसवतो. आई गालातल्या गालात हसली. ते हसू बघून माझ्या जिवाची अशी आग झाली म्हणून सांगू, ताटातली पुरणाची दिंडं तशीच ऱ्हायली, एक घास उतरला न्हाय. निघताना अनुजा कार्डावरचं कुंकू पुसत म्हणती कशी, कुंकू ऱ्हायलं तर मशीनमध्ये अडकंल. अगं बये, तू कधी बघितलंस ते मशीन? विमानात बसतोय तुझा नवरा, आणि तोरा तुझा.

घरी आल्या आल्या मी मालकांना म्हणलं, आपल्याला ते कार्ड पायजे. मालक महिन्यातनं एकदा नागदेवीच्या बाजारात माल घ्यायला मुंबईला जायचं, तेबी रात्रीच्या बसनं. त्यांनी शांतपणानं विचारलं, आईला विमानात बसवायचंय ना? मग एक साधं तिकीट काढू, उद्या काढू. मला त्यांची कीवच आली. साधं तिकीट कुणीबी काढतंय हो. बाजारात जाऊन वांगी आणल्यासारखं ते. कार्डावर न्यायचं म्हंजे कंपनीनं मान देऊन न्यायचं. धाकटीनं कार्डावर नेलं आणि थोरलीनं तिकिटावर, तर पहिलं माझं आणि चांगलं तिचं, परत तेच झालं की. हे मी बोललो न्हाय, पण मालकांना कळलं असावं. ते बरं म्हणालं.

तवापासनं आमच्या घरात पंचगंगा एअरचं व्रत सुरू झालं. मालक विमानानं जाऊ लागलं. सुरवातीला मलाच लई मिरवावंसं वाटलं. आल्यावर मी खोदून खोदून विचारायची, काय दिसलं, कसं दिसलं. एकदा त्यांना डाव्या बाजूची खिडकी मिळाली, त्या दिवशी आल्या आल्या म्हणालं, उडालं की लगेच डाव्या अंगाला तुमचं रान दिसतंय. विहीर, चिंच, आईचं छप्पर, सगळं. उजव्या अंगाला बसलं तर नुसतं कारखान्यांचं पत्रं. हे मी मनात बांधून ठेवलं, डाव्या अंगाची खिडकी.

पण विमान काय आमच्या सोयीचं न्हवतं, हे तीन-चार फेऱ्यांतच कळलं. बस पहाटे मुंबईत सोडायची, बाजार उघडायला मालक दारात हजर. विमान पोचेपतूर दुपार व्हायची, निम्मा बाजार हातचा जायचा. धुकं पडलं की उशीर. माणसं कमी भरली की फेरी रद्द, आणि उतारूंना जीपमध्ये कोंबून पुण्यापतूर सोडायचे. जीपनं गेलेली फेरी कार्डात धरायची न्हाय, हा वर त्यांचा नियम. बेळगावातनं दुसऱ्या कंपनीचं विमान निघायचं, ते वेळेवर आणि स्वस्तबी. मालकांना तिकडनं जायचं हुतं. मी म्हणलं, खबरदार. बेळगावची फेरी आपल्या कार्डात कुठं धरत्यात?

एका रात्री जेवताना मालक बोलायला लागलं. ते कमी बोलत्यात, पण दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाच्या इमानाचं त्यांना बरोबर कळतंय. म्हणालं, आपल्या दुकानात चंदगडचा एक माणूस वीस वरसं येतोय, दुसऱ्याच्या पायरीला त्यानं पाय लावला न्हाय. त्याचा पंप भर उन्हाळ्यात बंद पडला तर मी रविवारी दुकान उघडतो, नवा माल आला तर चांगला नग त्याच्यासाठी बाजूला ठेवतो. इमान असं दोन्हीकडनं असतंय. हे विमानवालं माझ्यासाठी कधी रविवारी उघडलंय? मी येतोय म्हणून त्यांनी कधी फेरी रद्द करायची थांबवलीय? मी कुठं जात न्हाय हे त्यांना पाठच हाय, म्हणून तर ते मला जीपमध्ये बसवत्यात.

बोलणं सोळा आणे खरं हुतं. मी एका बाजूला मांडलं, वेळ जातोय, धंदा बुडतोय, मालक दमत्यात. दुसऱ्या बाजूला काय मांडायचं? एक चंदेरी कार्ड. आणि देव्हाऱ्यासमोर हसणारी माझी आई, अनुजाकडं बघून. दुसरी बाजू जड झाली. मी म्हणलं, आता निम्म्या फेऱ्या झाल्यात, आता सोडलं तर आधीचंबी वाया. गिळा ती भाकरी आणि परवाच्या विमानाचं बघा.

पुढं पुढं तर माल आणायचा नसला तरी मी त्यांना पाठवायची. बिचारे जायचे, मुंबईच्या विमानतळावर एक वडा खाऊन बाकड्यावर बसायचे आणि संध्याकाळच्या विमानानं माघारी यायचे. शेजारच्या धोंडुबाईला संशय आला. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई गं, मालक रिकाम्या हातानं जात्यात आणि रिकाम्या हातानं येत्यात, मुंबईत काय हाय ते बघ जरा. मी काय सांगणार तिला, वडा हाय म्हणून?

इकडं आईचं एक बरं चाललं हुतं. दसरा आला आणि ती अनुजाला म्हणाली, गुडघं धरल्यात, आता नको. दिवाळीनंतर म्हैस व्यायला झालती. संक्रांतीला अनुजानं परत विचारलं तर ऊसतोड आली म्हणं. प्रत्येक वेळी बातमी कळली की मी मनातल्या मनात साखर वाटायची. मला वाटलं आई भ्याली असंल, नायतर अनुजाचा तोरा तिलाबी सोसत नसंल. कायबी असू दे, माझ्या फेऱ्या भरत आलत्या. दोनच ऱ्हायल्या हुत्या.

आणि त्या दोन काय केल्या भरंनात. कधी धुकं, कधी विमानात बिघाड, कधी कारणच सांगायचे न्हाईत. गावात कुजबुज सुरू झाली की कंपनीचं काय खरं न्हाय, पायलटांचे पगार थकल्यात. कंपनी वरस धरायची ते मार्चअखेरचं, म्हंजे मुदत शिमग्याला संपणार हुती. मी रोज मालकांना विचारायची, उडालं का, उडालं का. दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली.

अशात एक दिवस अनुजा आमच्या दारात. कधी न येणारी बाई शाहूपुरीत आली म्हंजे काहीतरी मिरवायला असंल, म्हणून मी चहाचं आधण ठेवलं आणि पाठ केली. ती उंबऱ्याजवळच बसली. या खेपेला हसत न्हवती.

“आक्का, आई माझ्या कार्डावर जात न्हाय,” ती म्हणाली. “गुडघं न्हाईत आणि म्हैस न्हाय. काल खरं बोलली. म्हणाली, थोरलीचं कार्ड येऊ दे, तिचं आधी, मग तुझं. तुझ्या फेऱ्या हुईपतूर विमान ऱ्हायल का, आणि आई ऱ्हायल का, सांग मला. तिला आता विमान नुसतं ऐकू येतंय, लांबचं धड दिसत न्हाय. जरा दिवस गेलं तर वर जाऊनबी काय दिसायचं न्हाय.”

आधण उतू गेलं तरी मला कळलं न्हाय. म्हंजे आई थांबलती ती माझ्यासाठी. आधी मला इतकं बरं वाटलं, की हसूच आलं. मग त्या हसण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून अनुजाचाच राग आला. चांगुलपणा करायलासुद्धा हिनंच आधी यावं का? मी तिला चहा दिला, बिस्किट दिलं न्हाय.

पण दुसऱ्या दिवशी मी नेर्लीला गेलो. आई गोठ्यात हुती. मी म्हणलं, आई, माझं कार्ड काय होत न्हाय, तू अनुजाच्या कार्डावर जा. हे एवढं वाक्य बोलायला मला एस.टी.चा अख्खा रस्ता लागला हुता. आईनं शेण भरलेलं हात तसंच ठेवलं आणि मान हलवली.

“न्हाय. एकदा मोडला तर नेम कसला? तुझं काय असंल ते आधी, मग तिचं.”

“माझ्याकडं कार्ड न्हाय, आई.”

“कार्ड कुणी मागितलंय तुला? मला वर जायचंय. तुझ्याकडं जे हाय त्यातनं पाठव.”

तिथं, त्या गोठ्यात, मला कळलं की जे मालक पहिल्या दिवशी म्हणालं हुतं तेच आई म्हणतेय. साधं तिकीट. हातचं सोडून पळत्याच्या पाठी मी इतकं महिनं मालकांना पळवलं. मग तिथंच ठरलं, जाताना थोरलीच्या तिकिटावर आणि येताना धाकटीच्या कार्डावर. संग्रामला त्या आठवड्यात मुंबईला जायचंच हुतं, तो संगं असणार.

स्टेशन रोडच्या कंपनीच्या हापिसात मी एकटी गेलो. एकच तिकीट शिल्लक हुतं. मी काउंटरवरच्या पोरीला बजावलं, डाव्या अंगाची खिडकी पायजे. ती म्हणाली, साध्या तिकिटाला जागा विमानतळावर मिळती, जी उरंल ती, कार्डवाल्यांना आधी. मी संग्रामला फोन करून सांगितलं, काहीबी कर, पण आईला डावी खिडकी दे. तो म्हणाला, आक्का, काळजी करू नका.

आईनं आम्हा दोघींना विमानतळावर येऊ दिलं न्हाय. म्हणाली, तुम्ही दोघी रानात उभ्या ऱ्हावा, विहिरीवर, म्हंजे मला वरनं लगेच कळंल आपलं रान कुठलं. मी शेंदरी साडी नेसलो, उन्हात उठून दिसणारी. सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर चढून उभी ऱ्हायलो. अनुजाचा पत्ता न्हाय. शेवटी फोन आला, सासरे चक्कर येऊन पडल्यात, डॉक्टर आल्यात, मला निघता येत न्हाय, आक्का, तूच हात कर. मी तोंडानं अरेरे म्हणलं. पोटातनं खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सासऱ्यांना जास्त काय झालं न्हवतं, नंतर कळलं. पण तवा मी एवढंच म्हणलं, बरं झालं, आता मी एकटीच दिसणार.

मग आवाज आला. विमान धावपट्टीवरनं उठलं, वळलं आणि बरोबर रानावरनं गेलं. मी दोन्ही हात हलवले, पदर सोडून हलवला, आई, आई म्हणून बोंबललो. उसातल्या बायका कोयतं टाकून हसायला लागल्या, हसू देत. माझ्या डोळ्यांना धारा लागलत्या. जन्मात पहिल्यांदा पहिलंबी माझं आणि चांगलंबी माझं. आई वर खिडकीत, मी खाली, मधी कुणी न्हाय.

आई माघारी विमानानं आलीच न्हाय. ज्या संध्याकाळी यायचं हुतं त्या दिवशी कंपनीनं सगळ्या फेऱ्या बंद केल्या, काउंटरवर माणूससुद्धा ठेवला न्हाय. संग्रामचं कार्ड फुकट गेलं, मालकांच्या फेऱ्या फुकट गेल्या. तेल गेलं, तूप गेलं, म्हणून मालक गप दुकानात जाऊन बसले. आई आणि संग्राम रात्रीच्या बसनं निघाले, सकाळी हायवेवर उतरून रिक्षानं नेर्लीला आले. मी पोचलो तवा अनुजा आधीच येऊन चहा करत हुती.

मला तिची दया यायला पायजे हुती. आली न्हाय. उलट मनात म्हणलं, बघ, तुझं कार्ड माझ्या आईला माघारी आणू शकलं न्हाय, माझ्या साध्या तिकिटानं तिला रान दाखवलं. असं म्हणतच मी रिक्षातली पिशवी उतरवायला गेलो. संग्राम आईला आत सोडून पैसे द्यायला माघारी आला आणि मला बघून घुटमळला. मी हसत विचारलं, मग काय, दिसलं का रान आईला? तो खाली बघायला लागला.

“आक्का, तुम्हाला सांगू नका म्हणल्यात. डावी खिडकी मिळाली न्हाय. उजव्या अंगाची, आतली जागा मिळाली, शेजारी एक जाडजूड पावणा. माझी जागा पुढची, डावीच हुती. मी म्हणलो, मामी, माझ्या जागेवर बसा. चारदा म्हणलो. उठल्याच न्हाईत. म्हणाल्या, ही जागा माझ्या थोरलीनं काढलीया. ही सोडून धाकटीच्या जागेवर बसलो आणि तिला कळलं, तर तिच्या जिवाला लागंल.”

मी पिशवी घेऊन उभीच ऱ्हायलो. मला रडू आलं न्हाय, राग आला. आईचा राग आला. चार पावलं उठून गेली असती तर काय झालं असतं? जन्मभर बांधावरनं एक कोपरा बघितला, आणि वर गेली तर पावण्याचा खांदा बघत बसली. कशासाठी, तर मला कळंल म्हणून. म्हंजे माझं पोटात दुखणं तिला पहिल्यापासनं माहीत हुतं. नागपंचमीला माझ्या ताटात दिंडं तशीच ऱ्हायली तेबी तिनं बघितलं असणार. संग्राम म्हणाला, मी सांगितलं म्हणू नका. मी मान हलवली आणि आत गेलो.

आत शेजारच्या बायका जमल्या हुत्या. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, गुडघं सुजलेलं, बसमध्ये झोप न्हाय, पण तोंडावर तेज. बायका विचारत हुत्या, भ्या वाटलं का, कान दुखलं का, ढग कसं असत्यात. आई सगळ्याला उत्तरं देत हुती. मग एकीनं विचारलं, आणि रान दिसलं का गं?

आई माझ्याकडं बघायला लागली. तिला आता लांबचं दिसत न्हवतं, पण मी जवळच बसलो हुतो.

“दिसलं की,” ती म्हणाली. “अख्खं दिसलं. विहीर दिसली, चिंच दिसली. आणि ह्या माझ्या दोघी लेकी. कट्ट्यावर उभ्या. थोरली हात हलवत हुती आणि धाकटी तिच्या शेजारी.”

अनुजानं कप खाली ठेवला. आपण गेलोच न्हवतो, आक्का एकटीच उभी हुती, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. तिच्या जागी मी असतो तर गप बसलो असतो, पण ती माझ्यासारखी न्हाय. मी तिचा हात धरला आणि जोरात दाबला. ती माझ्याकडं बघायला लागली.

“व्हय, आई,” मी म्हणालो. “दोघी हुतो. ही माझ्या डाव्या अंगाला.”